‘दार लोटून घे’च्या आधीचे दोन शब्द

घरात सगळे तिला पिपाणी म्हणत. लहानपणी तिचं रडणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं, तेव्हा ते नाव चिकटलं, आणि पुढे तिने नेमकं कान तपासण्याचंच शिक्षण घेतल्यावर ते सुटायचा प्रश्नच उरला नाही. तिच्या थोरल्या भावाचं, दादाचं, चष्म्याचं दुकान होतं. एकाने डोळे घेतले, एकीने कान, आता नाकासाठी कुणाला जन्माला घालू, हा त्यांच्या वडिलांचा ठरलेला विनोद होता आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो ऐकावा लागे.

दादाला रॉकचं वेड होतं. नुसती गाणी ऐकण्याचं नाही. गाणं कुठून आलं, कुणाच्या भांडणातून, कुणाच्या आजारपणातून, कुणाच्या आळसातून, हे कळल्याशिवाय त्याला गाणं गोड लागत नसे. पिपाणी शाळकरी होती तेव्हापासून तो तिला समोर बसवायचा, रेकॉर्ड चकतीवर ठेवायचा आणि गोष्ट पूर्ण झाल्याखेरीज सुई टेकवायचा नाही. त्यामुळे तिला चाली यायच्या आधी गोष्टी पाठ झाल्या. अमुक गाण्यात ड्रम मधेच थांबतात, कारण ड्रमरच्या घरून फोन आला होता. तमुक गाणं कुजबुजत म्हटलंय, कारण भिंतीपलीकडे घरमालकीण झोपली होती. खरं की खोटं, हे विचारायचं कधी तिच्या डोक्यातही आलं नाही. दादा सांगतोय म्हणजे तसंच असणार.

या सगळ्या गाण्यांत तिचं सर्वांत लाडकं गाणं होतं ‘दार लोटून घे’. तळघर नावाच्या बँडचं. चौघांचा बँड, ती जन्मली त्या सुमारास गाजलेला. गाणं लांबलचक होतं, पण चाहत्यांचा जीव अडकला होता तो त्याच्या सुरुवातीत. गिटारचा पहिला ठोका पडायच्या आधी, रेकॉर्डच्या खरखरीत, एक बाई अगदी हळू बोलते. आवाज वाढवला तरच ऐकू येतं. दोनच शब्द. “आता बस.”

गोष्ट अशी होती, की गायकाची बायको त्या दिवशी सूटकेस घेऊन थेट रेकॉर्डिंगच्या खोलीत आली. माइक चालू होता. ती दारातच उभी राहिली, ते दोन शब्द बोलली आणि त्याच्या आयुष्यातून चालती झाली. गायक तिच्यामागे धावला नाही. त्याने बाकीच्यांना खूण केली आणि अख्खं गाणं एका दमात म्हटलं. तिसऱ्या कडव्यात त्याचा आवाज फाटतो, तो म्हणून. फाटलेला आवाज तसाच ठेवला, बायकोचे शब्दही तसेच ठेवले. मासिकांत हे छापून आलं होतं. गायकाला मुलाखतीत विचारलं की तो नुसता हसायचा. पुढे तो वारला, बायको त्याआधीच दूर कुठेतरी निघून गेली होती, आणि गोष्टीवर जणू शिक्का बसला.

पिपाणीने ही गोष्ट नुसती ऐकून सोडली नव्हती, ती वापरली होती. तिचं लग्न एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी झालं होतं. माणूस वाईट नव्हता. हात उगारणं नाही, वाकडा शब्द नाही. फक्त तो घरात टेकत नसे. फोन कानाला लावून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत त्याच्या येरझाऱ्या चालायच्या. कुठे ना कुठे कुणीतरी दोन मजल्यांच्या मधे अडकलेलं असायचं. जेवायचासुद्धा ओट्याला टेकून. तिने काही बोलायला घेतलं की “हो, ऐकतोय” म्हणत दुसऱ्या खोलीत. गावाचे कान तपासते आणि घरात मात्र माझं कुणी ऐकत नाही, असं ती हसत सांगायची. पुढे पुढे सांगताना हसू येईनासं झालं. एका सकाळी ती भरलेली बॅग घेऊन खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, “आता बस.” तो चालता चालता थबकला, मागच्या खुर्चीत बसला आणि तिच्याकडे बघत राहिला. त्याचे पाय गळाले, असं तिला वाटलं. ती निघाली. हे धाडस माझं नव्हतं, त्या गाण्यातल्या बाईचं होतं, असं ती नंतर दादाला म्हणाली तेव्हा दादाचा ऊर भरून आला होता.

त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती. पिपाणीचा दवाखाना नीट चालत होता, डोक्यात पांढरे केस डोकावू लागले होते, आणि जे झालं ते बरंच झालं याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

मग एक दिवस एक म्हातारे गृहस्थ आपल्या लेकीबरोबर आले. लेक पिपाणीच्याच वयाची. बाबांना दाराची घंटा ऐकू येत नाही, माझं बोलणं ऐकू येत नाही, आणि ऐकू येत नाही हे कबूल करणं तर मुळीच येत नाही, अशी तिची तक्रार होती. पिपाणीने त्यांना काचेच्या बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, इतकंच. ते भलत्याच वेळी दाबत होते. तिने काहीच वाजवलेलं नसताना दाबत होते. बाहेर आल्यावर त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. “आत सारखी एक शिट्टी वाजत असते, मॅडम. ती तुमची की माझी, तेच कळत नाही.”

आलेख पडद्यावर उमटला. जाड आवाजांच्या बाजूला ठीक, मधे उतार आणि बारीक आवाजांकडे सरळ कडा. असा कडा गिरण्यांत काम केलेल्यांचा असतो. तिने विचारलं, काका कुठल्या कारखान्यात होते का?

“कसला कारखाना,” लेक म्हणाली. “जन्मभर स्पीकरसमोर गिटार घेऊन उभे. तळघर म्हणून एक बँड होता. तुम्ही ऐकलं नसेल.”

कानाचा साचा घ्यायला पिपाणी मऊ लगदा पिचकारीत भरत होती, तो भरताना टेबलावर सांडला. हाच तो गिटारवाला. ‘दार लोटून घे’चा तो पहिला ठोका याच हातांनी मारलेला, आणि त्याच्या सगळ्यांत जवळ असलेले दोन कान हेच. त्या कानांत तिने साच्याचा लगदा सोडला आणि तो घट्ट होईपर्यंत हवापाण्याच्या गप्पा मारल्या. पेशंट तो पेशंट, असं ती स्वतःला बजावत होती.

संध्याकाळी दुकानात तिने हे सांगितलं तेव्हा दादा एकच भिंग पुन्हा पुन्हा पुसत राहिला. मग त्याने तिला प्रश्नांची माळच सांगायला सुरुवात केली. तिने एकही विचारणार नाही म्हटलं. त्यावर तो म्हणाला, की मग आपलं नातं तरी काय कामाचं.

कानाचं मशीन तयार झाल्यावर बापलेक पुन्हा आले. पिपाणीने दोन्ही कानांत मशीन बसवलं, चालू केलं आणि नेहमीच्या गोष्टी सांगितल्या. पहिले काही आठवडे सगळे आवाज पत्र्यावर पडल्यासारखे वाटतील. ओळखीचे आवाज अनोळखी वाटतील. मेंदूला सवय व्हायला वेळ लागतो, घाबरायचं नाही. काका मान हलवत होते. कागदाची सळसळ ऐकून दचकले, लेकीच्या आवाजाला हसले. अशा प्रत्येकाला ती शेवटी एखादं ओळखीचं गाणं ऐकवायची. काय लावू, तिने विचारलं.

“आमचंच काहीतरी लावा,” काका म्हणाले.

तिच्या हातून दुसरं गाणं लागणं शक्यच नव्हतं. खरखर सुरू झाली. ते दोन शब्द आले. गिटारचा ठोका पडायच्या आधीच काकांनी हात वर केला.

“हे कोण बोललं?”

ते रेकॉर्डवरच आहे, असं तिने सांगितलं. ते म्हणाले, रेकॉर्डवर काही नाही, रेकॉर्ड माझ्या ठोक्याने सुरू होते, मी वाजवलीय, मला माहीत नसणार का? आता गोंधळायची पाळी पिपाणीची होती. ही बाई तर सगळ्या जगाला ठाऊक होती. तिने चाचरत विचारलं, की लोकांनी तुम्हाला त्या दोन शब्दांबद्दल कधी विचारलं नाही का? विचारायचे की, ते म्हणाले, खूप जण विचारायचे. ते धृपदातल्या दोन शब्दांबद्दल विचारतात असं समजून ते जन्मभर भलतंच उत्तर देत आले होते. बारीक आवाज त्यांचे कान तेव्हाच गमावून बसले होते. ती बाई त्यांना कधी ऐकूच आली नव्हती.

मग पिपाणीने त्यांना सूटकेसची गोष्ट सांगितली. ज्याच्या गाण्याची गोष्ट, त्यालाच. ते परक्या माणसाची हकिगत ऐकावी तसे ऐकत होते.

“गायकाची बायको?” ते म्हणाले. “ती त्या खोलीत कधी फिरकलीच नाही. आमचं संगीत म्हणजे तिला फडताळ कोसळल्यासारखं वाटायचं. पुन्हा लावा बरं.”

तिने लावलं. मग पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि लेकीकडे बोट केलं. “ही हिची आई आहे.”

त्यांना आता भराभर आठवू लागलं. त्या दिवशी सुरुवातच जमत नव्हती, म्हणून ते गिटार गळ्यात अडकवून खोलीभर फिरत होते. बायको कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, आता बस. म्हणजे खाली बस. ते स्टुलावर बसले आणि तो ठोका आपसूक पडला. “मी वाजवणार होतो त्यापेक्षा वेगळाच पडला,” ते म्हणाले, “आणि तोच राहिला.”

लेकीने शांतपणे म्हटलं, “बाबा, हा आईचा आवाज नाही.”

“तुला काय माहीत? तेव्हा तू जन्मलीही नव्हतीस.”

“मी तिला शेवटपर्यंत ऐकलंय. तुम्हाला तर शेवटची कित्येक वर्षं ती ऐकूच येत नव्हती.”

पिपाणीने दोघांकडे पाहिलं. लेकीला म्हातारपणीचा आवाज आठवत होता, बापाला तरुणपणीचा. दोन्ही आवाज एकाच बाईचे असून एकमेकांशी जुळणार नाहीत हे तिच्या धंद्यात रोज दिसायचं. आणि ज्या कानांनी काका ओळख पटवत होते, ते कान तिनेच अर्ध्या तासापूर्वी बसवले होते. अशा वेळी कुणाचाही आवाज कुणाचाही वाटू शकतो, हेही तिनेच सांगितलेलं. तरी काकांचा चेहरा पाहिल्यावर ते पुन्हा सांगायला तिची जीभ रेटली नाही.

दादाने हे सगळं ऐकून घेतलं आणि ताडकन निकाल दिला. “त्याला काय माहीत? तो नुसता गिटार वाजवत होता.”

तो दादाचा शेवटचा शब्द असता, पण काकांनाच आता चैन पडेना. त्यांनी जुन्या ड्रमरचा नंबर शोधून काढला आणि कैक वर्षांनी त्याला फोन केला. मग पिपाणीला फोन करून ड्रमर काय म्हणाला ते सांगितलं. ड्रमरच्या मते ती ना गायकाची बायको, ना गिटारवाल्याची. स्टुडिओच्या कचेरीत बसणारी एक बाई होती. ती कळवायला आली होती, की आता बस येईल; त्यातलं ‘येईल’ ठोक्यात बुडालं. शेवटची बस. तेव्हा जे काय वाजवायचं ते उरका. ड्रमरला त्या बाईचं नाव आठवत नव्हतं, तोंडवळा आठवत नव्हता, पण बस आठवत होती. ती चुकली, सगळे ड्रमसकट फुटपाथवर राहिले आणि गायकाचा घसा आधीच बसलेला होता तो थंडीने पुरताच गेला.

“घसा बसला होता?” पिपाणीने विचारलं. “मग तिसऱ्या कडव्यातला आवाज?”

“तो तर सर्दीचा,” काका म्हणाले. ही एक गोष्ट मात्र दोघांनाही पक्की आठवत होती.

पिपाणीने दुपारच्या सुट्टीत काचेच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं, हेडफोन लावले आणि ते दोन शब्द ऐकले. इतक्या वेळा ऐकले की ते शब्द राहिलेच नाहीत. बस म्हणजे पुरे. बस म्हणजे खाली बस. बस म्हणजे रस्त्यावर धावते ती. एकदा वाटलं बाई थकलीय, एकदा वाटलं मायेने बोलतेय, एकदा तर स्पष्ट वाटलं की तिला घाई आहे. कान तपासण्यात तिची हयात गेली होती आणि तीन बायकांपैकी कोण बोलतंय ते तिला सांगता येईना. त्याच खुर्चीत बसल्या बसल्या तिला आपल्या जुन्या घरातली ती सकाळ आठवली, आणि खुर्चीत बसलेला नवरा.

लिफ्टवाला कुठे काम करत असतो हे तिला ठाऊक होतं. रस्त्यात भेटले तर ते एकमेकांची विचारपूस करत. त्याने दुसरं लग्न केलं होतं, त्याला एक लहान मुलगी होती. पिपाणी एका जुन्या इमारतीत गेली. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं आणि आतल्या खड्ड्यातून त्याचं फक्त डोकं आणि खांदे वर दिसत होते. तिला पाहून तो बाहेर आला, चिंधीला हात पुसत. कुणी आजारी आहे का, हे त्याने आधी विचारलं.

तिने सरळ विचारलं, “मी निघाले त्या दिवशी तुला काय म्हणाले होते, आठवतं?”

“आठवतं की. म्हणालीस, आता बस.”

“मग तू काय केलंस?”

“काय करणार? बसलो.”

वरच्या मजल्यावरून कुणीतरी लिफ्टचं काय झालं म्हणून ओरडलं. त्याने जिन्याकडे तोंड करून आलोच म्हणून सांगितलं, पण तो हलला नाही.

“मला वाटलं, आता तू बोलणार,” तो म्हणाला. “मी खिशातला फोनसुद्धा बंद केला. म्हटलं, आज ऐकूनच घ्यायचं. तर तू बॅग उचललीस.”

“मला पुरे म्हणायचं होतं.”

“मग पुरे म्हणायचंस.”

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी तार कुठे तुटली ते सापडावं तसा तो बोलत होता. तो म्हणाला, की तू गेल्यावरही मी बराच वेळ तसाच बसून होतो. उठावं की नाही ते कळेना. तूच बसायला सांगितलं होतंस. मग त्याने विचारलं, “मी तेव्हा मागे यायला हवं होतं का?”

पिपाणीला खरंच उत्तर माहीत नव्हतं, आणि तिने तसं सांगितलं. त्याने मान हलवली. आता घरी मी बसतो, तो म्हणाला. मुलगी उठूच देत नाही. पुन्हा वरून हाक आली, तेव्हा तो खड्ड्यात उतरला.

परत येताना ती आपल्याच दवाखान्याचं वळण चुकून पुढे गेली. त्या घरातून निघाल्याचा तिला पश्चात्ताप झाला म्हणावं, तर तसं नव्हतं. त्या आधीची सगळी वर्षं तो बसला नव्हता, हेही खरंच होतं. पण ज्या क्षणी बसला, नेमक्या त्याच क्षणी ती उठून गेली होती, आणि तेही एका गाण्याच्या भरवशावर, ज्यात कदाचित एक बाई सगळ्यांना गाडीची वेळ सांगत होती. हे हसण्यासारखं आहे की रडण्यासारखं, हे तिला ठरवता येईना.

दर महिन्याच्या एका रविवारी दादाच्या बंद दुकानात चाहत्यांची बैठक असायची. दहाबारा माणसं, चष्म्यांच्या कपाटांमधे खुर्च्या, चहा, बिस्किटं. पाळीपाळीने एकेकाने एक गाणं निवडायचं, त्याची गोष्ट सांगायची, मग गाणं लावायचं. या वेळी पाळी पिपाणीची होती आणि गाणं कुठलं ते दादाने परस्पर जाहीर करून टाकलं होतं. तिने ठरवलं, की जे आहे ते सांगायचं. तीन बायका, तीन बस, आणि काहीच नक्की नाही.

ती उभी राहिली. समोर ओळखीचे चेहरे होते, सगळ्यांत मागे एक निवृत्त नर्स डोळे मिटून बसली होती, आणि दादा तिच्याकडे असं बघत होता, की तिला एकदम ती रेकॉर्डची चकती आणि वर धरलेली सुई दिसली. तिने तोंड उघडलं आणि बाहेर आली ती जुनीच गोष्ट. गायकाची बायको, सूटकेस, दार. ती थांबवायचा प्रयत्न करत होती, पण वाक्यं एकामागून एक पाठ म्हटल्यासारखी येत गेली, आणि वाईट म्हणजे आजवर कधी सांगितली नसेल इतकी छान ती सांगत होती. सूटकेसचं हँडल तुटकं होतं, हेही तिने मधेच घातलं. नर्सने डोळे पुसले. गाणं लागलं. आपण असं का केलं, या विचारात पिपाणी भिंतीला टेकून उभी होती. गाणं संपलं, लोक हलू लागले, तेव्हा तिला दिसलं, की दाराजवळच्या खुर्चीत काका बसले आहेत. शेजारी त्यांची लेक. दादाने त्यांना बोलावलं होतं आणि तिला सांगितलं नव्हतं.

ती गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे गेली. काका, मी हे सांगणार नव्हते, असं काहीतरी ती पुटपुटली. काकांनी ते ऐकलंही नसावं. दोन्ही मशीन कानांत होती, पण ते स्वतःच्याच विचारात होते.

“हँडल तुटकं होतं,” ते म्हणाले. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी उगाच घातलं ते.”

“नाही नाही. तुटकंच होतं. दोरी बांधलेली होती त्याला.” ते लेकीकडे वळले. “सूटकेस होती खरी त्या दिवशी. दाराला टेकून ठेवलेली. मी विसरून गेलो होतो. पण ती गायकाच्या बायकोची नव्हती. आपली होती. हिरवी.”

लेकीने विचारलं, आई कुठे निघाली होती?

“तेच आठवतोय. तिला माझ्याशी काहीतरी बोलायचं होतं. म्हणून म्हणाली, बस. आणि मी बसलो, आणि...” त्यांनी हवेत हाताने तार छेडल्यासारखं केलं. “सगळे वाजवायला लागले. संपलं तेव्हा ती तिथे नव्हती. काहीतरी आणायला बाहेर गेली असेल, असं मी समजलो.”

“मग?”

“मग काय? घरी आलो तर ती घरीच होती. म्हणजे, मला वाटतं, घरीच होती.”

लेक बापाकडे बघत राहिली. पिपाणीला तिथून पळून जावंसं वाटलं. ती सूटकेस खरोखर दाराशी होती, की आत्ता पाच मिनिटांपूर्वी तिनेच ती त्यांच्या डोक्यात नेऊन ठेवली होती? लोकांच्या कानांत नको ते शिरतं, हे ती जाणून होती. पण एकदा आत गेलेलं बाहेर काढायचं कुठलंही हत्यार तिच्या दवाखान्यात नव्हतं. काका, हे तुम्हाला माझ्या गोष्टीमुळे वाटत असेल, असं तिने म्हणून पाहिलं. असेल, ते म्हणाले, तसंही असेल. आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ते खूश होते की दुःखी, ते त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं नाही.

एवढ्यात एकदोघांनी काकांना ओळखलं, पण लेकीने त्यांचा दंड धरला आणि सगळ्यांची माफी मागून त्यांना बाहेर नेलं. दुकानाच्या पायऱ्या उतरताना तिने स्पष्ट विचारलं, की बाबा, आई तुम्हाला सोडून जाणार होती का? काका म्हणाले, चालता चालता सांगतो.

पिपाणी पायरीवर उभी राहिली. ते दोघं हळूहळू निघाले, आणि काका बोलू लागले. मशीन घातल्यावर माणसाला स्वतःचाच आवाज मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलायला लागतो. काकाही आता अगदी हळू बोलत होते. लेक त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन चालत होती. मधेच ती थांबली, तिने काहीतरी विचारलं, त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते मागून समजेना. मग दोघं पुन्हा चालू लागले. पिपाणीने पुढे वाकून, श्वास रोखून ऐकायचा प्रयत्न केला, पण रस्त्यावर गाड्या होत्या, मागे दुकानात खुर्च्या घडी घालून आपटल्या जात होत्या.

दादा हात झटकत बाहेर आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

“काय म्हणाले गं ते?”

“ऐकू नाही आलं,” पिपाणी म्हणाली.